ऑफिसच्या मंडळींसोबत शाकाहारी हॉटेलात जेवायला जाताना: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात जेवणाचा बेत ठरला की एका कुणाच्या तरी गळ्यात ‘तूच बघ सगळं’ ही माळ पडते. हे पान त्या माणसासाठी आहे. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, अडचणीचे पुढे येतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रुपवर ‘शनिवारी जेवण आहे’ असं टाकलं आणि निम्मे लोक मटण समजून आले. निरोप कसा लिहायचा?

कोल्हापुरात नुसतं ‘जेवण’ म्हटलं की मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा गृहीत असतो, त्यात लोकांची चूक नाही. ‘शाकाहारी’ हा शब्द निरोपाच्या पहिल्याच ओळीत हवा. पुढे चार गोष्टी लिहा: वार व वेळ, हॉटेल कोणत्या भागात, वर्गणी की कंपनीचा खर्च, आणि ‘जैन, उपवास किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर मला एकट्याला कळवा’. ही शेवटची ओळ सर्वांत कामाची. आपल्या खाण्याची पथ्यं चारचौघांत सांगायला लोक संकोचतात आणि मग टेबलावर बसल्यावर नुसता पापड खातात.

२. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीच असली पाहिजे का? व्हेज-नॉनव्हेज हॉटेलात पनीर खाल्लं तर काय बिघडतं?

तुमच्यात कोण आहे त्यावर आहे. एकत्र हॉटेलात भाजीचं पातेलं वेगळं असलं तरी तंदूर बहुधा एकच असतो. त्यातच चिकन टिक्का भाजला जातो आणि त्यातच रोटी लागते. तळणीची कढई, डाव, कापायचा पाट यांचीही तीच गत. काहींना याचं काही वाटत नाही. पण जैन, लिंगायत, वारकरी घरांतले अनेकजण अशा ठिकाणी पाणीही पीत नाहीत. असा एक जरी माणूस असेल तर शुद्ध शाकाहारीच निवडा. बाकीचे अकराजण एक दिवस मटणाविना जगतील.

उलटी चूकही होते. ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणजे मांस-अंडं नाही, एवढंच. त्याचा अर्थ कांदा-लसूण नाही असा होत नाही (प्रश्न ४).

३. चौदाजण आहोत. आधी फोन करावा लागतो का, आणि टेबल कसं मागायचं?

आठच्या वर माणसं असतील तर फोन कराच. शनिवार-रविवारी रात्री सव्वाआठ ते साडेनऊ ही गर्दीची वेळ. साडेसातला बसलात तर जागाही मिळते आणि किचनही मोकळं असतं. नवरात्रात आणि सुट्ट्यांत अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी महाद्वार रोड, भवानी मंडपाकडची हॉटेलं भरलेली असतात. त्या दिवसांत राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा शाहूपुरी बरी. अर्धी मंडळी शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून येणार असतील तर हायवेलगतचं हॉटेल घ्या. गाड्या लावायची कटकटही वाचते.

टेबलाचं गणित असं: चौघांचं टेबल, दोन इकडे दोन तिकडे. तीन टेबलं लांबीला जोडली की सहा अधिक सहा बारा, दोन टोकांना दोन, झाले चौदा. पण अशा रांगेत या टोकाची वाटी त्या टोकाला जात नाही आणि भिंतीकडचा माणूस हात धुवायला उठला की पाचजणांना उठावं लागतं. शेजारशेजारची दोन टेबलं, सात-सातची, हे जास्त सोयीचं. फोनवर ‘चौदा’ एवढंच न सांगता ‘सात-सात, शेजारी’ असं सांगा.

४. आमच्यात दोघे जैन आहेत. वेटरला ‘कांदा-लसूण घालू नका’ सांगितलं की झालं ना?

नाही. सर्वांत जास्त घोळ इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

हॉटेलातली भाजी ऑर्डर आल्यावर शून्यापासून होत नाही. सकाळीच तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवलेल्या असतात. लाल ग्रेव्ही टोमॅटो-कांद्याची, पिवळी तळलेल्या कांद्याची, पांढरी काजू आणि मगजबीची (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बियांची), हिरवी पालकाची. ऑर्डर आली की फोडणी, एक-दोन पळ्या ग्रेव्ही, पनीर किंवा भाजी, वरून मसाला, आणि पाच-सात मिनिटांत डिश बाहेर. म्हणजे तुम्ही ‘कांदा नको’ म्हणता तेव्हा कांदा सकाळीच वाटला गेलेला असतो. पांढऱ्या ग्रेव्हीला बघून कुणाला शंका येत नाही, पण तिच्यातही बहुतेक ठिकाणी उकडलेला कांदा असतो.

त्यात आपलं कोल्हापूर. इथल्या तिखटाचं नावच कांदा-लसूण चटणी. मिरची, सुकं खोबरं, तीळ, धणे यांच्यासोबत कांदा आणि लसूण त्यात कुटलेलाच असतो. म्हणून ‘जैन व्हेज कोल्हापुरी’ हवी असेल तर ग्रेव्ही आणि तिखट दोन्ही वेगळं लागतं. ज्या हॉटेलात जैन गिऱ्हाईक नेहमीचं आहे तिथे टोमॅटो-काजूची जैन ग्रेव्ही तयार असते. इतर ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं.

फोनवर तीन प्रश्न विचारा. ‘जैन ग्रेव्ही वेगळी असते का?’, ‘तिखटाला साधी मिरचीपूड वापराल का?’, आणि ‘बटाटा, गाजर, आलं, बीट चालत नाही हे किचनला माहीत आहे ना?’ तिसरा प्रश्न महत्त्वाचा. कांदा-लसूण वगळून मिक्स व्हेजमध्ये बटाटा-गाजर घालणारे आचारी कमी नाहीत, आणि व्हेज कटलेट, समोसा, पावभाजी यांत तर बटाटाच असतो. फ्लॉवर, कोबी, मशरूमही अनेकजण टाळतात. ते त्या माणसालाच विचारा.

उत्तर मिळताना पलीकडचा माणूस ‘होऽ, करतो की’ असं फार पटकन म्हणाला तर एकदा कॅप्टनशी किंवा आचाऱ्याशी बोलायचं आहे म्हणून सांगा. ज्याला माहीत असतं तो जरा थांबून, पदार्थांची नावं घेऊन बोलतो. जैन ग्रेव्ही नाहीच असं कळलं तर फोडणीची साधी डाळ, जिरा राईस, बटर रोटी, दही आणि ऑर्डरनंतर ताजी फोडणी देऊन केलेली भेंडी किंवा सिमला मिरची एवढं तरी नीट मिळतं.

५. जैन सहकारी ‘रात्री येत नाही’ म्हणतात. आग्रह करावा का?

करू नये. बरेचजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. कोल्हापुरात जूनअखेर सूर्य सात-दहाच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आतबाहेर. म्हणजे रात्रीचा बेत हिवाळ्यात त्यांना कधीच जमणार नाही. ऑफिसचं जेवण दुपारी ठेवा, प्रश्न मिटला. भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी या दशलक्षण पर्वाच्या दिवसांत बेतच टाळलेला चांगला.

६. एकाचा उपवास आहे. हॉटेलात त्याला काय मिळेल?

साबुदाणा खिचडी, वडा, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची पुरी, दही, फळं. पण दोन ठिकाणी गडबड होते. साबुदाणा वडा त्याच तेलात तळला जातो ज्यात बटाटेवडा आणि भजी निघतात. कडक उपवास असेल तर खिचडी मागवा. दुसरं, खिचडीच्या फोडणीत मोहरी किंवा हळद पडते. ‘तूप-जिरं-मिरचीची करा’ असं स्पष्ट सांगा. शिवाय खिचडी अनेक ठिकाणी सकाळीच मिळते. रात्री हवी असेल तर फोनवरच विचारा.

७. पुण्या-मुंबईहून साहेब येणार आहेत, त्यांना तिखट चालत नाही. ‘मिडियम’ सांगितलं तर चालेल?

कोल्हापूरचं मिडियम हे इतरांचं तिखट असतं, त्यामुळे तो शब्द वापरूच नका. रंगावर जाऊ नका, हेही साहेबांना सांगा. लालभडक रंग ब्याडगी मिरचीचा असतो आणि ती तशी सौम्य असते. जाळ लावते ती संकेश्वरी किंवा लवंगी. त्यामुळे फिकट दिसणारा ठेचा पाणी काढतो आणि लालजर्द पनीर मखनी गोडसर निघते.

तिखटाचंही ग्रेव्हीसारखंच. तयार मसाल्यातलं काढता येत नाही, वरून घालायचं तेवढं थांबवता येतं. म्हणून ‘तिखट कमी’ ऐवजी पदार्थच तसा निवडा: मखनी, पालक पनीर, दाल फ्राय, व्हेज कुर्मा. व्हेज कोल्हापुरी ‘कमी तिखट’ मागवली की आचारी तीत मलई आणि साखर ढकलतो, आणि ती धड इकडची राहत नाही ना तिकडची.

मिसळ असेल तर काम सोपं आहे. ‘कट वेगळा द्या’ म्हणायचं, ज्याने त्याने झेपेल तेवढा घालून घ्यायचा. इथे मिसळीसोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, हे बाहेरच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर ‘पाव विसरले का?’ विचारतात.

आणि जीभ भाजल्यावर पाणी प्यायला देऊ नका. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दही, दूध, ताक, नाहीतर तुपाचा घास.

८. बाराजणांसाठी किती मागवायचं? दर वेळी एकतर उरतं नाहीतर पुरत नाही.

चौघांचा एक संच धरा. बारा म्हणजे तीन संच. प्रत्येक संचासमोर तेच पदार्थ आले पाहिजेत, म्हणजे वाट्या इकडून तिकडे फिरवाव्या लागत नाहीत.

सूप ‘वन बाय टू’ सहा. मसाला पापड सहा. स्टार्टर एकाच प्रकारचं तीन प्लेट, फार तर दोन प्रकार. भाज्या प्रत्येक संचाला दोन, एक पनीरची किंवा सुकी आणि एक रश्शाची, एकूण सहा प्लेट. स्टार्टर भरपूर झालं असेल तर पाच पुरतात. डाळ दोन फुल. रोट्या माणशी अडीच ते तीन, म्हणजे तीस ते छत्तीस. भात चार प्लेट, कारण तिघांत एक पुरतो. ताक माणशी एक.

रोट्या मात्र एकदम सांगू नका. पहिल्या खेपेला बारा-चौदा, मग त्या अर्ध्या संपत आल्या की पुढच्या. तंदूर रोटी पाच-सात मिनिटांत चिवट होते आणि टोपलीत तळाशी राहिलेली कुणी खात नाही.

पुरत नाही किंवा उशीर होतो याचं खरं कारण वेगळंच असतं. प्रत्येकजण आपली आवडती भाजी सांगतो, बाराजणांच्या अकरा भाज्या होतात. आचारी एकाच भाजीच्या तीन प्लेट एका कढईत एकदम काढतो, पण अकरा वेगळ्या भाज्यांना अकरा वेळा कढई चढवावी लागते. पहिल्याची भाजी थंड होते तेव्हा शेवटच्याची येते. ऑर्डर एकानेच द्यावी आणि भाज्या दोनच प्रकारच्या ठेवाव्यात. भरपूर लोकशाही हवी असेल तर ती स्टार्टरपुरती.

९. थाळी बरी की कार्डावरून मागवावं?

दुपारी, तासाभरात परत कामावर जायचं असेल तर थाळी. सगळ्यांना एकदम वाढलं जातं आणि हिशेब माणशी सरळ होतो. अनलिमिटेड थाळीत दोघांत एक चालत नाही आणि उरलेलं बांधून देत नाहीत. गप्पा मारत बसायचं असेल तर कार्ड. जैन आणि उपवासवाल्यांना थाळी सहसा जमत नाही.

१०. अख्खा मसूर मागवायचाय. सगळ्यांना चालेल ना?

आपल्याकडे ही ऑफिस-जेवणाची सर्वांत बिनधोक डिश आहे. कोल्हापूर, सांगली, इस्लामपूर, कराड या पट्ट्यात हायवेवर तिच्यावरच चालणारी हॉटेलं आहेत. चांगला अख्खा मसूर ओळखायचा तो दाण्यावरून. बोटाने दाबला तर लोण्यासारखा चेपला पाहिजे, पण वाटीत सालासकट अख्खा दिसला पाहिजे. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या की साल सुटतं, दाणे फुटतात आणि हातात येते ती मसुराची आमटी.

टेबलावर आल्यावर दहा मिनिटांत तो घट्ट होत जातो. रस्सा पातळ करायला वेटर गार पाणी घालू पाहतो, त्याला गरम पाणी घालून एक उकळी काढायला सांगा. सोबत तंदूर रोटीच, भातासोबत मजा नाही. दोघा-तिघांत एक फुल पुरतो, कारण पोटाला जड असतो.

चालत नाही तो कुणाला? जैन सहकाऱ्यांना, कारण आत कांदा-लसूण चटणीच असते (प्रश्न ४). आणि दूधदुभतं न खाणाऱ्यांना, कारण वर बटर तरंगतं. त्यांच्यासाठी ‘तेलावर करा, बटर नको’ एवढं सांगितलं तरी जमतं.

११. शाकाहारी तांबडा-पांढरा खरंच शाकाहारी असतो का?

शुद्ध शाकाहारी हॉटेलात असतो. मूळ पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ घालून होतो. शाकाहारी आवृत्तीत अळणीच्या जागी भाज्यांचं उकडलेलं पाणी असतं. व्हेज-नॉनव्हेज हॉटेलात मात्र हा प्रकार शाकाहाऱ्याने मागवू नये. तिथे शेजारच्या पातेल्यात खरा पांढरा रस्सा असतो, दोन्ही दिसायला सारखेच, आणि गर्दीत पळी चुकते.

१२. एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. काय टाळायचं?

यादी लांब आहे. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाणा खिचडीत दाण्याचं कूट. चटण्यांत दाणे. आणि तळणीला किंवा फोडणीला शेंगतेल आहे का हेही विचारा. काजूचीही अ‍ॅलर्जी असेल तर पेच पडतो, कारण पांढरी ग्रेव्ही आणि बहुतेक जैन ग्रेव्ह्या काजूवरच उभ्या असतात. ‘जैन मागवलं म्हणजे साधं असेल’ हा समज इथे महागात पडतो. ‘आवडत नाही’ असं न म्हणता ‘खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल’ असं म्हणा, म्हणजे किचनपर्यंत पोचतं. औषध त्यांनी स्वतःजवळ ठेवलेलं बरं.

१३. शाकाहारी हॉटेलात आणखी कशाकडे लक्ष द्यावं लागतं?

चीज घट्ट करायला वापरलेलं रेनेट काही वेळा प्राणिज असतं. पनीर लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लाने फाडतात, त्यात हा प्रश्न नाही. नानच्या पिठात आणि मेयोनीजमध्ये अंडं असू शकतं. शुद्ध शाकाहारी ठिकाणी नसतं, इतर ठिकाणी विचारा. वाढदिवसाचा केक बाहेरून नेणार असाल तर बिनअंड्याचाच न्या आणि हॉटेलला आधी सांगा. काही हॉटेलं बाहेरचा केक आतच येऊ देत नाहीत.

१४. बिलात काय काय लागू शकतं?

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, एसी असो वा नसो. बिलावर तो २.५ अधिक २.५ असा दोन ओळींत दिसतो. ४,८०० रुपयांच्या जेवणावर २४० रुपये कर, एकूण ५,०४०. महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के असू शकतो. काही छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर-पद्धत) असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. बिलावर ‘कंपोझिशन’ असं लिहिलेलं असेल आणि तरी कर लावला असेल तर काउंटरवर दाखवून द्या.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तो आपोआप बिलात घालायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती मनाई कायम ठेवली. आधी शांतपणे ‘हा काढा’ म्हणा, बहुतेक काढतात. नाहीच काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

बाटलीचं पाणी छापील किमतीपेक्षा महाग लावलं म्हणून भांडण होतं, त्यात तुमची बाजू लंगडी आहे. टेबलावर बसवून दिलेल्या बाटलीला हॉटेल जास्त घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. बसताक्षणी ‘साधं पाणी’ सांगा.

१५. कंपनीच्या नावाने बिल हवं, जीएसटी नंबर घातला तर कराचा परतावा मिळेल का?

जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला सहसा घेता येत नाही, कायद्यानेच ते अडवलेलं आहे. नाव आणि नंबर घालून घ्या, पण तो खर्च दाखवायला. हे बिल निघण्याआधी सांगायचं असतं. निघाल्यावर बदलायला मॅनेजर कुरकुरतो, आणि गर्दीत त्याचंही बरोबरच असतं.

१६. पैसे कसे वाटून घ्यायचे? जैन मुलीने फक्त डाळ-भात खाल्ला, तिने सारखेच का द्यावेत?

नुसतं टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) म्हटलं की शेवटी कोण किती रोट्या खाल्ला यावर अर्धा तास जातो. एकाने पूर्ण बिल भरावं, बाकीच्यांनी त्याच रात्री यूपीआयने पाठवावं. बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला की शंका राहत नाही. ज्यांनी पथ्यामुळे कमी खाल्लं त्यांची आणि नव्या ट्रेनी पोरांची वर्गणी आधीच कमी ठरवा, टेबलावर नव्हे. तिथे ठरवलं की ते बिचारे ‘नको नको, सारखंच घ्या’ म्हणतात. साहेब ‘मी देतो’ म्हणाले तर एकदाच नाही म्हणावं.

१७. टिप किती?

सक्ती नाही. सर्व्हिस चार्ज दिला असेल तर देऊही नये. मोठ्या ग्रुपला ज्याने खरंच पळून वाढलं त्याच्या हातात रोख द्या, बिलाच्या फोल्डरमधली त्याला मिळेलच असं नाही.

१८. उरलेलं बांधून घेतलं तर चालेल?

भाजी-डाळ चालते. घरी गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी उकळी येईपर्यंत गरम करून. भाताला जपा. गरम भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर त्यात वाढलेल्या जंतूंचं विष परत गरम केल्याने जात नाही. रात्री उशिरापर्यंत गाडीत फिरणार असाल तर भात सोडून द्या. ताटातलं उष्टं आणि वाटीतलं न हाताळलेलं एकत्र बांधू नका.

१९. जेवणानंतर गोड खायला बाहेर जायचं म्हणतात. शाकाहाऱ्यांना काय बघावं लागेल?

कोल्हापुरात कॉकटेल आइस्क्रीम म्हणजे दारू नव्हे. उंच ग्लासात आइस्क्रीम, फळं, सुका मेवा, जेली असा थर असतो. बाहेरच्या पाहुण्यांना नाव ऐकून धक्का बसतो, तेवढा बसू द्या. विचारायचं ते जेलीबद्दल. जिलेटीन असेल तर ती प्राणिज असते, चायना ग्रास म्हणजे अगरची असेल तर वनस्पतीची. सांगता आलं नाही तर ‘जेली काढून द्या’ म्हणा. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचं असेल तर ते जेवणावर लगेच नको, आणि दूध पचत नाही असं सांगणाऱ्याला ‘एक ग्लासने काय होतंय भावा’ म्हणून भरीला घालू नका.